बघायचा एक, न बघायचे दोन

आमच्या घरात गाडी चालवता न येणारा मी एकटाच. माझे वडील, अण्णा, एस. टी.त एकतीस वर्षं ड्रायव्हर होते आणि त्यातली निम्मी त्यांनी कराड–चिपळूण गाडीवर, कुंभार्ली घाटात काढली. बायको स्कूटर चालवते, वेळ पडली तर तिच्या भावाची मोटारही. मी मात्र ड्रायव्हिंग स्कूलच्या चौथ्या दिवशी एका शहाळेवाल्याच्या हातगाडीपुढे जो थिजलो तो थिजलोच, आणि पुढची तीस वर्षं डोंबिवलीच्या लोकलवर विश्वास ठेवून जगलो. असा मी गेली दोन वर्षं रोज रात्री जेवणं आटोपली की ट्रेलर जोडलेला ट्रक घेऊन डोव्हरहून निघतो आणि झोपायच्या आत माल पोचता करतो.

‘यूरो ट्रक सिम्युलेटर २’ हा प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरने २०१२ साली काढलेला खेळ. त्यात शत्रू नाही, बंदूक नाही, राजकन्येला सोडवायचं नाही. सिग्नल तोडला तर दंड होतो, पेंग आली तर गाडी बाजूला घेऊन झोपावं लागतं, स्वतःचा ट्रक घ्यायचा तर बँकेचं कर्ज काढून हप्ते भरावे लागतात. खेळातला युरोप खऱ्याच्या साधारण एकोणिसाव्या हिश्शाएवढा आहे, त्यामुळे मुक्काम लवकर येतो. दिवसभर हप्ते भरून दमलेल्या माणसाला रात्री पुन्हा हप्ते भरण्यात एवढं सुख का वाटावं, हे मला सांगता येणार नाही, पण वाटतं. मी शक्यतो इंग्लंडातच राहतो. तिथे आपल्यासारखं डाव्या हाताने चालवायचं असतं.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अण्णा आमच्याकडे राहायला आले. दोन-तीन रात्री ते माझ्या खुर्चीमागे काठी टेकून उभे राहिले, काही बोलले नाहीत. चौथ्या रात्री मी एका गोदामात ट्रेलर रिव्हर्स घेत होतो तेव्हा म्हणाले,

“आरसा कुठंय?”

मी एफ-टू दाबलं. पडद्याच्या वरच्या दोन कोपऱ्यांत दोन छोटे आरसे उगवले.

“आरसा असा कपाळावर लोंबतोय व्हय?” अण्णा म्हणाले. “आरसा जिथं असतोय तिथंच असायला पाहिजे. आणि त्याच्याकडं नजर टाकायची, रोखायची न्हाई.”

एवढं बोलून ते झोपायला गेले आणि मला रात्रभर झोप लागली नाही. कारण ते बरोबर होतं. एका मॉनिटरवर समोरचा रस्ता मावतो. केबिनच्या दोन्ही खिडक्या आणि त्यांच्या बाहेरचे आरसे चौकटीबाहेर राहतात. दोन वर्षं मी घोड्यासारखा झापड बांधून युरोपभर हिंडत होतो.

शनिवारी भाचा आला. त्याला दुखणं सांगायचा अवकाश, त्याने निदान केलं: “मामा, तुला ट्रिपल स्क्रीन लागेल.” हे शब्द त्याने अशा आवाजात उच्चारले की मला आधी ॲन्जिओप्लास्टीच वाटली. खर्च ऐकल्यावर फारसा फरक नव्हता असंही वाटलं.

ही कल्पना आजची नाही. सिनेमावाल्यांनी ती फार आधी करून बघितली. न्यूयॉर्कला १९५२ साली सिनेरामा सुरू झाला तेव्हा तीन प्रोजेक्टर तीन बाजूंनी एका वळणदार, १४६ अंशांच्या पडद्यावर चित्र टाकत. तीन चित्रं जिथे भेटत तिथे सांधा दिसायचा. म्हणून ‘हाउ द वेस्ट वॉज वन’ या १९६२च्या सिनेराम्यात त्या सांध्यांवर झाडं, खांब असं काहीबाही उभं करून तो झाकला गेला. घरच्या कॉम्प्युटरवर हे आणलं कॅनडाच्या मॅट्रॉक्सने, २००२ सालच्या पार्हेलिया ग्राफिक्स कार्डाने. मग २००९ साली एएमडीचं आयफिनिटी आलं. एनव्हिडियाच्या घरी २०१० साली तीन पडद्यांसाठी दोन कार्डं जुंपावी लागत. २०१२च्या जीटीएक्स ६८०पासून एकावर भागू लागलं. हे सगळं मला भाच्याने चहाच्या एका कपात सांगितलं. आजीची श्राद्धतिथी त्याला सांगता येत नाही.

मला मात्र तीन पडदे म्हटल्यावर सिनेरामा आठवला नाही. आठवलं ते आईचं तीन आरशांचं ड्रेसिंग टेबल. मधला आरसा पक्का, बाजूचे दोन बिजागऱ्यांवर हलणारे. आई वेणी घालताना ते दोन्ही आत ओढून घ्यायची, आणि मधल्या आरशात बघता बघता तिला कानामागची सुटलेली बटही कळायची. बाजूच्या आरशांत ती मान वळवून क्वचितच बघे. तिरपे करून ठेवले की ते आपोआप काम करत.

मॉनिटरांचंही नेमकं तेच. तिन्ही एका ओळीत सरळ मांडले तर बाजूचे दोन लांब पळतात. ते आत वळवायचे. किती, तर त्याचं गणित शाळेतल्या त्रिकोणमितीचं आहे. सत्तावीस इंची मॉनिटर आडवा साधारण ६० सेंटिमीटर भरतो. तीनही मॉनिटर डोळ्यापासून सारख्याच, ५२ सेंटिमीटरवर ठेवले आणि कडेचे दोन ६० अंशांत वळवले की प्रत्येकाला ६० अंश वाट्याला येतात आणि मिळून १८० होतात. म्हणजे या कानापासून त्या कानापर्यंत रस्ता. आणखी गंमत अशी की सरळ मांडले तर सहा फूट टेबल खाणारं हे कुटुंब असं वळवल्यावर चार फुटांत बसतं. दहावीला मला टॅन ३० कशासाठी शिकवलं, हे बावन्नाव्या वर्षी कळलं.

ही आकृती मी रद्दी कागदावर काढून बायकोला दाखवली. तिने ती नीट बघितली.

“आणि या दोघांकडे तुम्ही बघणार कधी?”

“बघायचं नाही,” मी म्हणालो. “म्हणजे रोखून बघायचं नाही. डोळ्याच्या कडेने दिसायला हवं.”

“म्हणजे जे बघायचं नाही, त्याला दोन मॉनिटर. आणि जे बघायचं त्याला एक.”

“हो.”

“आणि तो एक आपल्याकडे आहे.”

हा युक्तिवाद मला आजतागायत खोडता आलेला नाही. मी तिला डोळ्यांचं शास्त्र सांगायला गेलो. हात लांब करून अंगठा धरला तर नखाएवढ्या भागात जेवढं मावतं तेवढंच, दोनेक अंशांपुरतं, माणसाला वाचण्याइतकं स्वच्छ दिसतं. बाकीची सगळी नजर ढोबळ असते. पण ती हालचाल पटकन टिपते, आणि आपण पुढे जातोय ही जाणीव मुख्यतः तिच्यामुळे होते. एस. टी.त खिडकीशी बसून समोर बघितलं तरी मागे पळणारी झाडं अंगात वेग भरतात ते याच कारणाने, आणि काही जणांना बोरघाटात उलटी होते तीही थोडीफार याच कारणाने. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि उलटीचा मुद्दा तेवढा लक्षात ठेवला.

सरळ एकच लांबलचक मॉनिटर का घेऊ नये, हा तिचा पुढचा प्रश्न. रास्तच होता. ४९ इंची वाकडे मॉनिटर मिळतात, २७ इंची दोन शेजारी जोडल्याएवढे रुंद, मध्ये सांधा नाही. बघून मोह होतो. पण दोन म्हणजे तीन नव्हेत. किंमत तिघांच्या आसपास जाते, आणि एवढं करून आरसे पुन्हा काठावरच येतात. शिवाय तिघांतला एक बिघडला तर दोन उरतात, लांबलचक बिघडला तर दुरुस्तीवाल्याकडे न्यायला रिक्षाही मिळायची नाही. हे शेवटचं कारण तिला पटलं. घरातल्या मोठ्या खरेद्या आम्ही नेहमी शेवटच्या कारणावर करतो.

आता आकडे. साध्या फुल एचडी मॉनिटरवर १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. तिघांचे ६२ लाखांच्या वर. यापेक्षा बारीक, २५६० गुणिले १४४०चा घेतला तर एकाचे ३६,८६,४०० आणि तिघांचे १ कोटी १० लाख ५९ हजार २००. फोर-के म्हणून जो मिरवतो त्याचे ८३ लाखही भरत नाहीत. हे एक कोटी दहा लाख ठिपके कार्डाने सेकंदाला निदान साठ वेळा नव्याने रंगवायचे, म्हणजे सेकंदाला ६६ कोटी. मॉनिटर तर १६५ वेळा मागतो. ताशी ९०च्या पुढे न जाणाऱ्या ट्रकला सेकंदाला १६५ चित्रं कशाला, हे मी विचारलं. भाचा म्हणाला, “मामा, आता साठवाले चांगले मिळत नाहीत.” साध्या फोनबद्दलही तो हेच म्हणाला होता.

फुल एचडी २७ इंची स्वस्त पडत होते. पण ५२ सेंटिमीटरवरून त्यांचे ठिपके सुटे दिसतात. दूरची पाटी जाळीतून वाचल्यासारखी वाटते. ड्रायव्हरला पाटी वाचता आली पाहिजे. १४४०वर शिक्कामोर्तब झालं, आणि खर्चाचा काटा मॉनिटरवरून सरकून ग्राफिक्स कार्डावर गेला.

ग्राफिक्स कार्डांची नावं ठेवणारा माणूस पूर्वी फरसाणाच्या दुकानात असावा. ४०७० आहे. ४०७० सुपर आहे. ४०७० टीआय आहे. आणि ४०७० टीआय सुपरही आहे. दुसऱ्या घरी एक्सटी आणि एक्सटीएक्स. स्पेशल, एक्स्ट्रा स्पेशल आणि स्पेशल एक्स्ट्रा यांतला फरक गिऱ्हाइकाने दरावरून ओळखायचा. आमच्या ऐपतीत दोन उरली: २०२३ सालचीच दोन्ही, एक १२ जीबीचं आरटीएक्स ४०७० आणि एक १६ जीबीचं आरएक्स ७८०० एक्सटी. पहिलं २०० वॉट खातं, दुसरं २६३. म्हणजे साठच्या चार बल्बांहून जास्त, आणि तेही डोंबिवलीच्या मे महिन्यात पायांशी. पण तीन पडद्यांचं चित्र मांडायला कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत जागा लागते. पाट कितीही लांब असला तरी परात लहान असेल तर पोळ्या थांबतात. भाचा १६वर अडून बसला. मीही. त्यापायी वीज पुरवणारा ४५० वॉटचा एसएमपीएस जाऊन ७५०चा आला, हा उपखर्च मी बायकोला अजून तपशिलात सांगितलेला नाही.

खरेदीला आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. महापालिकेच्या पाटीवर त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ग्रँट रोड स्टेशनाबाहेर त्या नावाने विचारलं तर माणूस आपल्याकडे सहानुभूतीने बघतो. एका दुकानात मला जुनं कार्ड दाखवलं, निम्म्या दरात. “मायनिंगचं नाही साहेब. एका मुलाचं आहे. बोर्डाची परीक्षा म्हणून विकतोय.” सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमने कार्डांवर नाणी खणण्याची पद्धत बंद केली आणि जगभर रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली, त्यानंतर बोर्डाला बसलेल्या मुलांची संख्या फारच वाढलेली दिसते. मी तिथूनच अण्णांना फोन लावला. सलग चाललेलं यंत्र घ्यावं का?

“सलग चाललेलं इंजन बरं असतंय,” अण्णा म्हणाले. “चालू-बंद, चालू-बंद झालेलं वाईट. पण विकणारा खोटं सांगतोय का ते बघ. खोटं सांगत असंल तर इंजन बघूच नको.”

नवं घेतलं.

जाता जाता एक सांगून ठेवतो. कार्डाला बहुधा तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय अशी चार तोंडं असतात, आणि मॉनिटरच्या खोक्यात वायर निघते ती अनेकदा एचडीएमआयची. दोन खोक्यांतून दोन एचडीएमआय निघाल्या. त्या रात्री दोन मॉनिटर टेबलावर होते आणि पेटलेला एकच होता. बायको काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

आणखी एक: मॉनिटरांचे पाय. दुकानात प्रत्येक मॉनिटर आपल्या फेंगड्या पायांवर ऐटीत उभा असतो. तिघांना जवळ आणलं की पाय पायांत अडकतात आणि चौकटी एकमेकींना टेकतच नाहीत. मग पाय काढून पाठीमागच्या चार भोकांत, शंभर मिलिमीटरच्या चौरसात बसणारे लोखंडी हात घ्यावे लागतात. ते टेबलाच्या कडेला शिकंज्याने आवळतात. आमचं टेबल भुशाच्या फळीचं निघालं. शिकंजा आवळला आणि कडेचा भुगा जमिनीवर पडला. सुताराने खालून सागाची पट्टी मारून दिली. सबंध प्रकरणात पहिल्या झटक्यात आणि कबूल केलेल्या पैशांत झालेलं काम तेवढं एकच.

तिसरा मॉनिटर दुकानात शिल्लक नव्हता म्हणून आठ दिवसांनी आला. तेच मॉडेल, तोच नंबर. भाच्याला तिन्ही सारखे वाटले, मलाही. बायको चहा घेऊन आली, दारातच थांबली आणि म्हणाली,

“डावा वेगळा आहे.”

“एकच आहेत गं तिन्ही.”

“हे दोन पांढरे आहेत. तो मोतिया आहे.”

मॅचिंग सेंटरच्या ट्यूबलाइटवर विश्वास न ठेवता ब्लाउजपीस रस्त्यावर उन्हात नेऊन धरणारी ही बाई. तिच्यापुढे कारखान्याचं कॅलिब्रेशन काय टिकणार? पॅनेलच्या प्रत्येक खेपेत पांढऱ्याचा पोत थोडा बदलतो, हे खरंच आहे, आणि एकटा मॉनिटर असेल तर ते कुणाला कधी कळत नाही. शेजारी भावंडं बसली की कळतं. तिने खुर्ची ओढली, मॉनिटरच्या पाठीवरची बटणं मला दाबायला लावली आणि लाल, हिरवा, निळा असे तिन्ही आकडे स्वतः सांगितले. निळा चार वर, लाल दोन खाली, थांबा, एक परत वर. वीस मिनिटांत तिन्ही एका ठाणातले झाले. ज्या पडद्यांकडे कुणी बघणारच नाही असं तिने सिद्ध केलं होतं, त्यांच्याकडे एवढा वेळ रोखून बघितलेली घरातली व्यक्ती तीच.

भाच्याने खेळाच्या कुठल्याशा फाइलीत काही ओळी बदलल्या, म्हणजे तो तीन पडद्यांसाठी तीन वेगळी चित्रं आखू लागला. तसं केलं नाही तर एकच चित्र दोन्हीकडे ताणलं जातं आणि कडेची मोटार लाटणं फिरवल्यासारखी लांबट होते. मग चौकटींचा प्रश्न. दोन मॉनिटरांमध्ये काळी पट्टी राहते, आणि तिच्यामागे थोडं चित्र लपलंय असं कार्डाला सांगता येतं. म्हणजे खिडकीच्या गजामागून झाड जावं तशी मोटार पट्टीमागून जाते, उडी मारत नाही. या पट्टीने मी खट्टू झालो होतो. अण्णांना ती दाखवली.

“आमच्या जुन्या गाड्यांच्या काचंलाबी मधी दांडी असायचीच की,” ते म्हणाले. “कुणाला दिसतीय?”

मग ते बसले नाहीत, मागेच उभे राहिले. मी डोव्हरहून गाडी काढली. उजव्या खिडकीबाहेर, जिथे असायला हवा तिथे, आरसा होता, आणि त्यात माझाच ट्रेलर निमूटपणे मागे येत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. तो आहे हे मला नुसतं ठाऊक होतं.

फक्त गाडी अडखळत होती. साठच्या जागी चाळीस, कधी पस्तीस. भाच्याने कारण शोधलं: आरसेच. खेळातला आरसा ही काच नसते. आरशात जे दिसतं ते सगळं जग कार्डाला मागच्या बाजूने आणखी एकदा काढावं लागतं. जितके आरसे तितक्यांदा. “मामा, आरशांची क्वालिटी लो करतो. पटकन वाढेल.”

“आरसं कमी न्हाई करायचं,” अण्णा मागून म्हणाले.

“आजोबा, मग काय कमी करू?”

“झाडं कमी कर. ढग कमी कर. सावल्या कशाला लागत्यात ड्रायव्हरला?”

अशा रीतीने आमच्या इंग्लंडात झाडं विरळ आहेत, ढग पातळ आहेत, सावल्या पुसट आहेत, आणि आरसे कमाल दर्जाचे आहेत. गाडी साठवर पळते. इतक्या हजारांच्या कार्डावर असली मांडणी करणारा दुसरा कुणी असेल तर त्याने कळवावं. माझ्या माहितीत नाही.

आता रोज नऊ-साडेनऊला अण्णांची खुर्ची माझ्या मागे असते. गोदाम आलं की ते उठतात, टेबलाच्या कडेवर तळहाताने थापटतात आणि “येऊ दे… येऊ दे… येऊ दे… बास” म्हणतात. ‘बास’च्या पुढे गेलो तर त्या रात्री माझ्याशी बोलत नाहीत. परवा त्यांनी एकदा स्टेअरिंग हातात घेतलं, फोकस्टनपर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले की गिअरला वजन नाही. पुन्हा बसले नाहीत.

सकाळी मी कामावर निघतो तेव्हा ते तिन्ही काचा पुसत असतात. डेपोतल्या सवयीने, वर्तमानपत्राचा बोळा पाण्यात बुडवून, डावी, मधली, उजवी. मॉनिटरच्या मॅट कोटिंगला वर्तमानपत्र चालत नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.